लायब्ररी आत आल्याची वर्दी : डीबगर आयडीईला नेमके काय कळवतो

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा भाव एकच नसतो. नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या प्रती; नवतीचा भाव वेगळा, पिलबागाचा वेगळा आणि वापसीचा त्याहून वेगळा. जळगावला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने हा भेद आपल्या प्रकल्पात नेटका उतरवला होता. वजनाचा हिशेब ठेवणारा मुख्य प्रोग्राम एक, त्याचे नाव ‘काटा’, आणि प्रत्येक प्रतीचा भाव काढणारी शेअर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम चालताना त्याला जोडली जाणारी कोडची फाइल, स्वतंत्र. भाव ठरवण्याची रीत उद्या बदलली तरी मुख्य प्रोग्रामला हात लावावा लागू नये, हा हेतू. प्रोग्राम चालत होता, पण पिलबागाचा भाव चुकत होता, आणि ती चूक शोधण्यासाठी लायब्ररीतल्या ज्या ओळीवर तिने ब्रेकपॉइंट (प्रोग्रामने तेथे थांबावे अशी खूण) लावला होता तो शेवटपर्यंत करडाच राहिला, म्हणजे लागूच झाला नाही. आयडीईच्या (कोड लिहिण्या-तपासण्याच्या साधनाच्या) लॉगमध्ये तिला एक ओळ सापडली, तीत ‘सिंबल्स-लोडेड’ या शब्दासमोर शून्य होते, आणि त्या शून्याच्या भरवशावर तिने दोन दिवस लायब्ररीचा मार्ग बदलून पाहण्यात घालवले. शून्य खरे होते, पण तिने लावलेला अर्थ खरा नव्हता.

ती ओळ कोण लिहितो, केव्हा लिहितो आणि तिच्यातल्या कोणत्या भागावर विसंबावे, हे नव्याने डीबगर (चालू प्रोग्राम थांबवून आत पाहू देणारे साधन) हाताळणाऱ्यांना आणि विशेषतः आयडीईसाठी छोटे साधन लिहू पाहणाऱ्यांना कळावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. विवेचन लिनक्स आणि जीडीबी हा डीबगर धरून केले आहे. आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन स्पेलिंगनेच टाइप करायचे आहेत.

सरावाचा प्रोग्राम

आधी हाताशी एक लहान नमुना हवा. ‘काटा’ या प्रोग्रामात वापरकर्त्याकडून प्रत विचारावी, आणि उत्तर पिलबाग असेल तर ‘डीएलओपन’ या फंक्शनने ‘पिलबाग.एसओ’ ही फाइल उघडून तिच्यातले ‘भाव_काढ’ हे फंक्शन ‘डीएलसिम’ने शोधून बोलवावे. लायब्ररी बांधताना कंपाइलरला ‘-शेअर्ड’, ‘-एफपीआयसी’ आणि ‘-जी’ असे तीन पर्याय द्यावेत. मुख्य प्रोग्रामला ‘-जी’ पुरे. जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी-लायब्ररीच्या २.३४ या आवृत्तीपासून ‘डीएलओपन’ मुख्य सी-लायब्ररीतच आलेले असल्यामुळे ‘-एलडीएल’ जोडण्याची गरज उरलेली नाही. यंत्रणा जुनी असेल तर जोडावे.

एक काळजी येथेच घ्यावी. फाइलचे नाव देताना त्यात तिरकी रेघ असेल, म्हणजे आधी टिंब आणि रेघ लावून ‘याच फोल्डरातली’ असे सांगितले असेल, तर लोडर, म्हणजे लायब्ररी शोधून मेमरीत आणणारा कोड, सरळ त्या मार्गावर जातो. नुसते नाव दिले तर तो ठरलेल्या जागांमध्ये शोधतो आणि चालू फोल्डर त्या जागांत नसतो. समोर फाइल दिसत असताना ‘सापडली नाही’ असे उत्तर येण्याचे नेहमीचे कारण हेच आहे. शंका राहिली तर ‘एलडी_डीबग’ या पर्यावरण-चलाला ‘लिब्ज’ ही किंमत देऊन प्रोग्राम चालवावा. लोडर कुठे कुठे पाहतो हे तो स्वतःच ओळीने छापतो.

वर्दी कशी तयार होते

विंडोजवर लायब्ररी लोड झाली की खुद्द यंत्रणाच डीबगरला तशी घटना पाठवते. लिनक्सवर मात्र कर्नलला ‘लायब्ररी’ ही गोष्ट ठाऊकच नसते. त्याच्या दृष्टीने एका प्रोसेसने एक फाइल मेमरीत मांडली, एवढेच घडलेले असते. लायब्ररी शोधणे, मांडणे, पत्ते जुळवणे हे सगळे डायनॅमिक लोडर करतो, आणि हा लोडर त्याच प्रोसेसमध्ये राहणारा साधा कोड असतो. मग डीबगरला कळते कसे?

दोघांमध्ये एक जुना करार आहे. लोडर सुरुवातीलाच ‘आर_डीबग’ नावाची एक रचना भरतो आणि तिचा पत्ता मुख्य प्रोग्रामच्या डायनॅमिक भागातल्या ‘डीटी_डीबग’ या रकान्यात ठेवतो. या रचनेतल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, लोड झालेल्या लायब्रऱ्यांच्या साखळीचे टोक. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे ‘लिंक_मॅप’, जिच्यात लायब्ररीचे नाव, ती मूळ पत्त्यांपासून किती सरकून बसली तो आकडा, आणि पुढच्या-मागच्या कड्यांचे पत्ते असतात. दुसरी, सध्या भर पडते आहे, वजाबाकी चालू आहे की साखळी स्थिर आहे, हे सांगणारी अवस्था. तिसरी, ‘आर_बीआरके’ हा एका रिकाम्या फंक्शनचा पत्ता. हे फंक्शन काहीही करत नाही. साखळीला हात लावण्याआधी एकदा आणि लावून झाल्यावर एकदा ते बोलवायचे, इतकेच लोडरचे काम. डीबगरने त्या पत्त्यावर आपला गुप्त ब्रेकपॉइंट आधीच लावून ठेवलेला असतो.

प्रोसेस तेथे थांबली की डीबगर साखळी वाचतो, आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहतो, नव्या कड्यांची नोंद करतो, त्यांचे सिंबल (फंक्शन आणि चलांची नावे व पत्ते) वाचतो, अडून राहिलेले ब्रेकपॉइंट पुन्हा तपासतो आणि प्रोसेसला पुढे सोडतो. नव्या जीलिबसीत याच कामासाठी लोडरच्या आत नाव असलेल्या खुणा पेरलेल्या आहेत, आणि त्या असल्या तर जीडीबी त्याच वापरतो, कारण त्यांमुळे दर वेळी पूर्ण साखळी वाचावी लागत नाही. शेकडो लायब्रऱ्या ओढणाऱ्या प्रोग्रामात हा फरक जाणवतो. आपल्या ‘काटा’त जाणवणार नाही.

नवख्याला उपयोगी पडेल असा आणखी एक तपशील म्हणजे, हा थांबा लायब्ररीतले कन्स्ट्रक्टर चालण्यापूर्वी येतो. म्हणून लायब्ररी लोड होताक्षणी आपोआप चालणाऱ्या कोडातही ब्रेकपॉइंट पकडता येतो.

आधी आयडीई बाजूला ठेवून पाहावे

माझा आग्रह असा, की ही घडामोड एकदा तरी साध्या टर्मिनलवर डोळ्यांनी पाहावी. जीडीबीत ‘काटा’ उघडावा, ‘सेट स्टॉप-ऑन-सोलिब-इव्हेंट्स १’ ही आज्ञा द्यावी आणि ‘रन’ करावे. एरवी गुपचूप होणारे थांबे आता उघड होतात.

पहिल्याच थांब्याला बहुतेक जण गोंधळतात. शेअर्ड लायब्ररीच्या घटनेमुळे थांबलो, पण एकही लायब्ररी वाढली नाही की घटली नाही, अशा अर्थाची ओळ दिसते. हा बिघाड नव्हे. साखळीला हात लावण्याआधीचा जो थांबा वर सांगितला, तोच हा. ‘कंटिन्यू’ दिल्यावर पुढच्या थांब्याला सी-लायब्ररीचे नाव दिसते, आणि प्रत विचारल्यावर ‘पिलबाग’ असे उत्तर दिले की पुन्हा तशीच जोडी येते, आधी रिकामा थांबा आणि मग ‘पिलबाग.एसओ’ लोड झाल्याची ओळ.

आता ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ ही आज्ञा द्यावी. तक्त्यात पत्त्यांचे दोन स्तंभ, सिंबल वाचले की नाही हे सांगणारा एक स्तंभ आणि फाइलचे नाव असते. तिसऱ्या स्तंभात ‘येस’ असेल तर ठीक. ‘येस’पुढे कंसात तारा असेल तर सिंबल मिळाले, पण डीबगची माहिती, म्हणजे कोणती ओळ कोणत्या पत्त्यावर आहे हा नकाशा, फाइलमध्ये नाही. ‘नो’ असेल तर सिंबल वाचलेलेच नाहीत. या तीन स्थिती नीट लक्षात ठेवाव्यात, पुढे त्यांचेच काम पडणार आहे. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणाऱ्या ‘एलडीडी’ या आज्ञेच्या यादीत दिसणारी ‘लिनक्स-व्हीडीएसओ’ येथे दिसली नाही तर शोधत बसू नये. ती डिस्कवर फाइल म्हणून नसतेच, कर्नल ती स्वतः पुरवतो.

आयडीईला मिळणारी ओळ

आयडीई जीडीबीशी माणसांसाठीच्या भाषेत बोलत नाही. ती जीडीबीला ‘एमआय’ या यंत्रभाषेत सुरू करते आणि त्याच्याकडून येणारी प्रत्येक ओळ पहिल्या चिन्हावरून ओळखते. आज्ञेचे उत्तर वरच्या टोकदार चिन्हाने सुरू होते, प्रोसेस धावू लागल्याची किंवा थांबल्याची बातमी तारकेने, आणि कोणी न विचारता दिलेली वर्दी ‘=’ या चिन्हाने. लायब्ररी आली की ‘=लायब्ररी-लोडेड’, गेली की ‘=लायब्ररी-अनलोडेड’.

व्हीएस कोड या आयडीईत हे पाहायचे असल्यास लाँचच्या मांडणीत ‘लॉगिंग’खाली ‘इंजिनलॉगिंग’ चालू करावे. ओळींचा पूर येईल. त्यात ‘पिलबाग’ हा शब्द शोधावा.

वर्दीत ‘आयडी’ असते, ती लायब्ररीची ओळख. तिच्यातून कोणताही अर्थ काढायला जाऊ नये, ती नुसती किल्ली म्हणून वापरावी, मग ती फाइलच्या मार्गासारखी दिसली तरी. ‘टार्गेट-नेम’ म्हणजे ज्या यंत्रावर प्रोग्राम चालतो तेथले नाव आणि ‘होस्ट-नेम’ म्हणजे डीबगर चालतो तेथले. एकाच यंत्रावर काम असेल तर दोन्ही सारखीच. ‘थ्रेड-ग्रुप’ कोणत्या प्रोसेससाठी ही वर्दी आहे ते सांगतो, आणि तो नसेल तर वर्दी सगळ्यांसाठी समजावी. ‘रेंजेस’मध्ये पत्त्यांची हद्द असते.

आणि मग ते ‘सिंबल्स-लोडेड’.

आमच्याकडे बाजार समितीच्या फाटकावर गाडी आली की आवक नोंदली जाते. आवक नोंदली म्हणजे माल तोलला, पाहिला, भाव लागला असे कोणी समजत नाही. ते सगळे आत गेल्यावर व्हायचे असते. ‘=लायब्ररी-लोडेड’ ही अशीच फाटकावरची नोंद आहे. जीडीबी नवी कडी यादीत घालतो त्या क्षणी वर्दी पाठवतो आणि सिंबल त्यानंतर वाचतो, त्यामुळे वर्दी निघताना तेथे शून्यच असणार. जीडीबीच्या अधिकृत दस्तऐवजातही हा रकाना केवळ जुन्या साधनांशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेला आहे आणि त्यावर विसंबू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तरी तो छापला जातो आणि दरवर्षी कोणीतरी त्यात अडकते. माझ्या मते तो केव्हाच काढून टाकायला हवा होता.

त्या विद्यार्थिनीला आम्ही ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ चालवायला सांगितले. ‘पिलबाग’समोर ‘येस’ होते आणि पुढे तारा. तिच्या बांधणीच्या फाइलीत मुख्य प्रोग्रामला ‘-जी’ होता, नवतीच्या लायब्ररीलाही होता, पिलबागाच्या ओळीतून तो गळला होता. फंक्शनच्या नावाने ब्रेकपॉइंट लावला असता तर तो बसलाही असता. आयडीई मात्र फाइल आणि ओळ क्रमांक देते, आणि तो नकाशाच फाइलमध्ये नव्हता.

ब्रेकपॉइंट करडा का असतो

लायब्ररी अजून आलेलीच नसताना तिच्यातल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, तर टर्मिनलवरचा जीडीबी ‘पुढे लायब्ररी आल्यावर लावू का’ असे विचारतो. आयडीईला असा प्रश्न परवडत नाही, म्हणून ती ‘ब्रेक-इन्सर्ट’ या आज्ञेला ‘-एफ’ हा पर्याय जोडते, आणि जीडीबी ब्रेकपॉइंट ‘पेंडिंग’ म्हणून ठेवून घेतो. करडा ठिपका म्हणजे ही स्थिती. लायब्ररी येते, सिंबल वाचले जातात, पत्ता मिळतो, आणि मग ‘=ब्रेकपॉइंट-मॉडिफाइड’ अशी वेगळी वर्दी नव्या पत्त्यासह येते. आपण साधन लिहीत असाल तर ठिपक्याचा रंग या दुसऱ्या वर्दीवर बदलावा. लायब्ररी आल्याच्या वर्दीवर बदलू नये.

दुसरी चूक वेळेची होते. लायब्ररीचा गुप्त थांबा आयडीईला ‘स्टॉप्ड’ म्हणून कळवला जात नाही. तिच्या लेखी प्रोसेस अखंड धावतेच आहे आणि मधूनमधून ‘=’ने सुरू होणाऱ्या ओळी येत आहेत. अशा वेळी प्रत्येक वर्दीला उत्साहाने ‘फाइल-लिस्ट-शेअर्ड-लायब्ररीज’ ही आज्ञा पाठवली, तर नेहमीच्या मांडणीत ती प्रोसेस थांबेपर्यंत पडून राहते किंवा ‘धावत असताना हे करता येणार नाही’ असे उत्तर मिळते. वर्द्या येतील तशा यादीत टाकत राहाव्यात आणि पूर्ण यादी हवीच असेल तर पहिला खरा थांबा आल्यावर एकदाच मागावी. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला डीबगर जोडला तरी, तेव्हा आत असलेल्या प्रत्येक लायब्ररीची वर्दी येतेच, म्हणून त्या प्रसंगासाठी निराळी सोय करावी लागत नाही.

लायब्ररी येण्याची वाट पाहून तेथेच थांबायचे असेल तर सगळे थांबे उघड करण्यापेक्षा ‘कॅच लोड पिलबाग’ ही आज्ञा बरी. यंत्रभाषेत तिचे रूप ‘-कॅच-लोड’. त्या थांब्याचे कारण ‘सोलिब-इव्हेंट’ असे दिलेले असते.

मराठी नावाचा फोल्डर

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. प्रकल्प ‘केळी’ नावाच्या, देवनागरीत लिहिलेल्या फोल्डरात ठेवला आणि मी लिहिलेल्या छोट्या साधनात लायब्ररीचे नाव चुरगळून दिसू लागले. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचे असते. वर्दीत त्यातले पहिले दोन जसेच्या तसे आले होते, आणि तिसरा उलटी तिरकी रेघ व २२५ अशा अष्टमान आकड्याच्या रूपात. ‘ळ’ अखंड होता. दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट पुन्हा २०० होऊन आला होता. नियंत्रण-चिन्हांच्या टप्प्यात मोडणारे बाइट जीडीबी असे सुटे करून छापतो, आणि एका अक्षराचे अर्धे शरीर त्या टप्प्यात असले तर अक्षर फुटते.

यावर उपाय सोपा, पण क्रम महत्त्वाचा. आलेली ओळ अक्षरे म्हणून वाचू नये, बाइट म्हणून वाचावी. अवतरणातले सगळे सुटे आकडे आधी बाइटांत परत आणावेत. आणि सगळी माळ पूर्ण झाल्यावरच तिला यूटीएफ-८ समजून अक्षरे करावीत. मी क्रम उलटा ठेवला होता. फोल्डरचे नाव रोमन करून टाका, असा सल्ला मला मिळाला होता, तो मी मानला नाही. आपल्या गावच्या पोरांनी फोल्डरांना मराठी नावे देऊ नयेत हे काही कारण पटण्यासारखे नव्हे.

काटा सावद्याला, डीबगर जळगावला

प्रोग्राम शेताजवळच्या काट्यावरच्या लहानशा एआरएम बोर्डावर चालतो आणि आपण लॅपटॉपवर बसलो आहोत, असे झाले की ‘टार्गेट-नेम’ आणि ‘होस्ट-नेम’ यांतला भेद कळतो. बोर्डावरचा जीडीबीसर्व्हर, म्हणजे तेथे राहून जीडीबीसाठी काम करणारा छोटा प्रोग्राम, तेथली यादी पुरवतो, पण सिंबल वाचण्यासाठी त्या फाइली जीडीबीला हाती लागाव्या लागतात. ७.१० या आवृत्तीपासून जीडीबीचा ‘सिसरूट’, म्हणजे लायब्रऱ्या जेथून शोधायच्या ती जागा, मुळातच ‘टार्गेट’ असा धरलेला असतो, म्हणजे फाइली बोर्डावरूनच जोडणीवाटे ओढल्या जातात. मोबाइलच्या मंद जोडणीवर सी-लायब्ररी ओढायला लागणारा वेळ पाहता डीबगर गोठला असे वाटू शकते. बोर्डावरच्या लायब्रऱ्यांची प्रत लॅपटॉपवर एका फोल्डरात घ्यावी आणि ‘सेट सिसरूट’ने तो दाखवावा, फक्त आपल्याच दोन-तीन लायब्रऱ्यांचा प्रश्न असेल तर ‘सेट सोलिब-सर्च-पाथ’ पुरतो. प्रत मात्र त्याच बांधणीची हवी. बोर्डावर कालची आणि लॅपटॉपवर आजची लायब्ररी असेल तर ब्रेकपॉइंट बसतो, प्रोग्राम थांबतोही, फक्त भलत्याच ओळीवर.

नवा करार

जीडीबीच्या १४ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरपासून, तो ‘डीएपी’ हा, आयडीई आणि डीबगर यांच्यातली सामायिक बोली असलेला, डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉलही थेट बोलतो. तेथे लायब्ररीला ‘मॉड्यूल’ म्हणतात आणि वर्दीत ‘न्यू’, ‘चेंज्ड’ किंवा ‘रिमूव्ह्ड’ असे कारण असते. आले आणि बदलले यांत प्रोटोकॉलने फरक केला आहे, हे मला त्यात सर्वांत आवडते. सिंबल नंतर मिळाले तर दुसरी वर्दी देण्याची जागा त्यामुळे मिळते. एलएलडीबी हा दुसरा डीबगर वापरणाऱ्यांनी ‘इमेज लिस्ट’ ही आज्ञा ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’च्या जागी वापरावी.

लायब्ररी गेल्याची वर्दी न येणे

‘काटा’ने पिलबागाचा हिशेब संपवून ‘डीएलक्लोज’ बोलवले आणि तरी ‘=लायब्ररी-अनलोडेड’ आलेच नाही, असे झाल्यास डीबगरला दोष देण्यापूर्वी मोजणी पाहावी. एकच लायब्ररी दोनदा उघडली असेल तर एकदा बंद केल्याने फक्त तिचा गणक एकने उतरतो. ‘नोडिलीट’ खुणेने उघडलेली लायब्ररी प्रोसेस संपेपर्यंत आतच राहते. आणि बोर्डावर जीलिबसीऐवजी मसल ही सी-लायब्ररी असेल, तर तिच्यात ‘डीएलक्लोज’ काहीच उतरवत नाही. म्हणून साधन लिहिताना ‘आल्या तितक्या जातील’ असा हिशेब मांडू नये; ‘=थ्रेड-ग्रुप-एक्झिटेड’ ही ओळ आली की त्या प्रोसेसच्या नावाची यादी आपणच रिकामी करावी. तसे केले नाही तर पुढच्या वेळी ‘काटा’ चालवल्यावर ‘पिलबाग.एसओ’ यादीत दोनदा दिसते, आणि त्यातली जुनी नोंद आता अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांकडे बोट दाखवत असते.